एक फुल्ल, दोन हाफ

विट्याची गाडी स्वारगेटला लागते तेव्हा पहाटेचे पावणेपाच झालेत. आधी पत्र्याची पेटी उतरते, मग सुतळीनं आवळलेली वळकटी, मग बापू. त्याच्या मागून वहिनी, आणि सगळ्यात शेवटी पिंकी, छातीशी निळी फाइल धरून. फाइलीला चेन आहे आणि चेनीला वर आणखी सेफ्टी पिन लावलेली आहे.

"एक फुल्ल, दोन हाफ," बापू भेटल्या भेटल्या सांगतो. "दोन माणसांच्या पैशात तिघं आलो गड्या."

एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं २०२३ च्या मार्चमध्ये, पण बापूचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. "बाईमाणसाला गाडीत हाफ, कालेजात माफ," तो म्हणतो आणि स्वतःच हसतो. वहिनी हसत नाहीत. त्या पेटी मोजतात, वळकटी मोजतात, पोरगी मोजतात.

त्या 'माफ'साठीच हे तिघं रात्रभर जागत आलेत. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारनं निर्णय काढला, की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी निम्मं माफ होतं. अट एवढीच, की प्रवेश सरकारी 'कॅप' फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या आणि खासगी विद्यापीठांतल्या मुलींना हे लागू नाही. बापूनं तो जीआर वाचलेला नाही. पोरीनं वाचलाय आणि चुलीपुढं बसून आईबापाला दोनदा वाचून दाखवलाय.

मी बापूचा शाळेतला बाकावरचा जोडीदार. दहावीनंतर तो औताच्या मागं गेला, मी रयतच्या कॉलेजात 'कमवा व शिका'मधून बीएस्सी झालो आणि पुण्यात एका वृत्तपत्रात मुद्रितशोधक म्हणून चिकटलो. "तू कालेज केलंयास, तुला त्यांची भाषा कळती," एवढं बापूनं फोनवर सांगितलं, म्हणून मी आज रजा काढलीय. त्यांची भाषा मला खरंच कळते का, हे दुपारपर्यंत कळेल.

*

कॉलेज शहराच्या कडेला आहे. एक टेकडी अर्धी कापून बसवलंय. सव्वाआठला आम्ही कमानीपाशी पोचतो तर आत जायच्या आधीच झेरॉक्सवाल्यापुढं रांग. कमानीशेजारी भलामोठा फ्लेक्स. त्यावर एक चष्मेवाला मुलगा, आणि त्याच्या डोक्यापेक्षा मोठ्या अक्षरात '४२ लाख'. खाली तिकिटाएवढ्या फोटोंच्या रांगा. त्या चेहऱ्यांपुढं आकडा नाही, फक्त कंपनीचं बोधचिन्ह. मुद्रितशोधकाचा डोळा अशा ठिकाणी आपोआप थांबतो. एका माणसाचा आकडा छापलाय, सरासरी छापलेली नाही.

"ह्याला बेचाळीस लाख पगार?" बापू विचारतो.

"वर्षाला."

"आन् ही बारकी बारकी?"

मी उत्तर देत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्या पदवीधराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि हा आकडा गेली दहा-पंधरा वर्षं जागचा फारसा हललेला नाही, हे मला ठाऊक आहे. फी मात्र तेवढ्या काळात चांगलीच हललीय. पण सकाळी सव्वाआठला, रात्रभर एसटीत बसून आलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं.

आत सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टोकन देणारी मुलं, भिंतीला टेबलं. पहिलं टेबल कागदपत्र तपासणीचं, दुसरं अकाउंट्सचं, तिसरं स्कॉलरशिपचं, चौथं हॉस्टेलचं. हवेत एकच भाषा तरंगतेय. "फ्रीझ केलं का?" "नाही, बेटरमेंटला टाकलंय." "पहिल्या प्रेफरन्सचं लागलं ना, ते ऑटो-फ्रीझ होतं." "पर्सेंटाइल किती?" वर्षभरापूर्वी यातला एकही शब्द या माणसांना माहीत नसेल. आता तालुक्यातल्या बाया तो बाजारभावासारखा बोलतात.

पिंकीला एक्क्याण्णव पर्सेंटाइल आहे. कॉम्प्युटर मिळालं नाही, ई-अँड-टीसी मिळालंय. पोरं त्याला 'ईएनटीसी' म्हणतात. बापूनं गावात आठवडाभर पोरगी कान-नाक-घशाची होणार म्हणून सांगितलं होतं. हे वहिनी मला सांगतात, तेव्हा पहिल्यांदा पिंकी हसते.

टोकन सत्तेचाळीस. फाइल उघडते. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं गुणपत्रक, सीईटीचं स्कोअरकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. एकेक कागद ती काढते आणि बापू त्या कागदाचा इतिहास हळू आवाजात मला सांगतो. हा सेतूत सर्व्हर डाउन होता म्हणून तीनदा. ह्याला पणजोबाचा शाळेतला दाखला लागला. ह्याच्यासाठी सांगलीला चार हेलपाटे. माफ झालेल्या फीच्या आधीच बापूनं किती भाडं मोजलंय, ते त्या जीआरमध्ये कुठं धरत नाहीत.

*

अकाउंट्सच्या टेबलामागं फीचा तक्ता चिकटवलाय. शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी. २०१५ च्या कायद्यानं आलेली ही व्यवस्था. कॉलेजनं मनाला येईल तो आकडा लावायचा नाही, खर्च दाखवून मंजूर करून घ्यायचा. तक्त्यात 'विकास शुल्क'मधला 'ल्क' तुटलाय. मी मनातल्या मनात खूण करतो.

शिक्षण शुल्क १,१८,४००. विकास शुल्क १४,२००. विद्यापीठ व इतर ४,३५०. अनामत ५,०००.

"एक लाख एकेचाळीस हजार नऊशे पन्नास," टेबलामागचा तरुण न बघता सांगतो. "डीडी की ऑनलाइन?"

बापू माझ्याकडं बघतो. मी म्हणतो, "मुलगी आहे. शिक्षण शुल्क माफ आहे."

"आहे ना. आता भरा. महाडीबीटीवर फॉर्म भरा, सरकारकडून आलं की परत मिळेल."

"कधी मिळेल?"

"ते सरकारच्या हातात आहे, काका."

यात त्याची चूक शून्य आहे. त्याला सकाळी कुणीतरी सांगितलंय आणि तो सांगतोय. मी मोबाइलवरचा जीआर पुढं करतो. तो बघत नाही. असले जीआर त्याला आजच दहा जणांनी दाखवले असतील. पण मागची रांग कान टवकारते. एका बाईंच्या हातात तसाच कागद आहे, प्रिंट काढून लॅमिनेट केलेला. त्या काही बोलत नाहीत, नुसता तो टेबलावर माझ्या मोबाइलशेजारी ठेवतात. तरुण उठतो आणि आत जातो. बारा मिनिटांनी येतो तो एक छापील फॉर्म घेऊन.

"हमीपत्र भरा. सरकारकडून रक्कम आली नाही तर पालक भरतील. मग आत्ता फक्त तेवीस हजार पाचशे पन्नास."

बापू सही करायला पेन काढतो. पिंकी कागद त्याच्या हातातून घेते आणि उभ्या उभ्या वाचते. पूर्ण वाचते, खालची बारीक ओळसुद्धा.

"सर, 'विद्यार्थिनीच्या चुकीमुळे रक्कम न आल्यास' असं लिहिलं तर चालेल?"

तरुण पहिल्यांदा मान वर करतो. "फॉरमॅट बदलता येत नाही."

"बरं," ती म्हणते. मोबाइलवर हमीपत्राचा फोटो काढते, मग बापाला सही कुठं करायची ते दाखवते. लॅमिनेटवाल्या बाई माझ्याकडं बघून भुवया उंचावतात. चार वर्षांत हे कॉलेज हिला काय शिकवायचं ते शिकवो, पण ही इथं रिकाम्या हातानं आलेली नाही.

बाजूच्या केबिनला काचेचं दार आहे. त्यावर 'इन्स्टिट्यूट लेव्हल', म्हणजे मॅनेजमेंट कोटा. तिथं रांग नाही, सोफा आहे. पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ मुलासोबत बसलेत, मुलगा मोबाइलमध्ये. दार उघडतं तेव्हा एसीची गार झुळूक आमच्या पायांवरून जाते. त्या केबिनचा उगम आमच्याच जिल्ह्यात आहे, असं म्हटलं तरी चालेल. १९८३ साली मुख्यमंत्री असलेल्या आमच्या सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. देणग्या भरून कर्नाटकात जाणारी मराठी पोरं इथंच शिकावीत, हे त्यामागचं कारण. दादा स्वतः फारसं शिकलेले नव्हते. त्यांच्या त्या एका निर्णयानं लाखो पोरं इंजिनिअर झाली हे खरं आणि माळावर टेकड्या कापून कमानी उभ्या राहिल्या हेही खरं. दोन्ही वाक्यं मला एकाच श्वासात म्हणावी लागतात. कुठलंही एक म्हटलं की ते अपुरं वाटतं.

*

दुपारचा दीड. पार्किंगच्या पत्र्याखाली आम्ही भाकरी सोडतो. शेंगदाण्याची चटणी, वांग्याची सुकी भाजी, कांदा. कॅन्टीनमध्ये बसून घरचं खायला मनाई आहे. टी-शर्टवर 'स्वयंसेवक' लिहिलेला एक मुलगा आम्हाला बघून घुटमळतो. सकाळी यानंच टोकन दिलं होतं. वहिनी त्याच्या हातावर अर्धी भाकरी ठेवतात. तो धाराशिवकडचा, शेवटच्या वर्षाला आहे. भाकरी बघून बसतोच.

"तुला लागली का रं नोकरी?" वहिनी विचारतात.

"अजून नाही काकू. कंपन्या आत्ता यायला लागल्यात."

"त्या बोर्डावरल्यागत बेचाळीस लाख मिळत्यात व्हय?"

तो हसतो. "तो दोन वर्षांपूर्वीचा सीनिअर. तो शाळेपासूनच कोडिंग करायचा. आमच्या बॅचला तीन-साडेतीनच्या आल्यात दोन कंपन्या. तीनशे जण बसलो होतो." मग पिंकीकडं वळून, आवाज खाली घेऊन सांगतो, "ई-अँड-टीसी चांगलंय. फक्त पहिल्या वर्षाचं मॅथ्स बॅक ठेवू नको. आणि लॅपटॉप इथल्या गेटवरच्या दुकानातून घेऊ नको."

सकाळपासून मिळालेला हा एकमेव फुकटचा सल्ला, आणि मला वाटतं सगळ्यात महागाचा.

तो गेल्यावर बापू पाकीट काढतो. एसटीच्या तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं हिशेब मांडतो. हॉस्टेल वर्षाचे सत्तर हजार, अनामत दहा. मेस महिन्याला साडेतीन हजार, दहा महिने धर. कॉलेजचे अनामत सोडून साडेअठरा.

"वर्षाला एक लाख साडेतेवीस हजार. चार वर्सांचं पाच लाखाला सहा हजार कमी. वर लॅपटॉप. येणंजाणं, वह्या, आजारपण. सहा लाख धर गड्या." तो पेन्सिल कानावर ठेवतो. "माफ असून सहा लाख."

"बँकेचं शैक्षणिक कर्ज?"

"तीनदा जाऊन आलो. सायब म्हणतोय पीककर्ज थकलंय, आधी ते बघा. जमिनीचा उतारा आणा म्हणतोय." साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, असा नियम आहे. तो नियम शाखेच्या काउंटरपर्यंत पोचताना कुठंतरी उतरतो, आमच्याकडच्या पाण्यासारखा. टेंभू योजनेचं पाणी आता आलंय, म्हणून बापूचं डाळिंब आहे. डाळिंब आहे म्हणून ही फाइल आहे.

"आन् सहा लाख घालून समजा साडेतीन लाखाची नोकरी लागली. पुण्यात ऱ्हायाचं-खायाचं जाऊन तिच्या हातात काय उरंल?" बापू विचारतो. कुरकुर म्हणून नव्हे, बैल घेताना दात बघावेत तसा. "आमचा दाद्या बघ की."

दाद्या म्हणजे पिंकीचा थोरला भाऊ. दहावीला गणितात गेला, आणि महिन्याभरात दुकानावर गेला. आमच्या खानापूर-आटपाडीत 'दुकानावर गेला' एवढंच म्हणतात. कसलं दुकान ते सांगावं लागत नाही. गलाईचं. सोनारांकडची मोड, कानसीचा चुरा, झाडलोटीतली धूळसुद्धा गाळून, जाळून, तेजाबात घालून शुद्ध सोनं-चांदी काढायची. दुष्काळानं हुसकलेली आमची माणसं हे काम शिकली आणि तामिळनाडू, केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथं सोनार तिथं भट्टी लावून बसली. दाद्या सोळाव्या वर्षी कोइमतूरकडं गेला. पहिली तीन वर्षं जेवण आणि कपडे, पगार नाही. त्यालाच तिकडचं कॉलेज म्हणायचं. आता बाविसाव्या वर्षी महिन्याला घरी पंधरा हजार पाठवतो आणि तमिळमध्ये भांडतो.

मला इथं माझीच गंमत आठवते. बीएस्सीला रसायनशास्त्रात मी अम्लराज शिकलो. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, सोनं विरघळतं. सूत्र पाठ होतं, परीक्षेत चार गुण मिळाले. पण सोनं विरघळताना मी आयुष्यात पाहिलं नाही. गणितात नापास झालेला हा पोरगा ते रोज बघतो.

मग बापूचा प्रश्न सरळच आहे. एकाला शिकायला शून्य रुपये लागले आणि तो कमावतोय. दुसरीला सहा लाख लागणार आणि पुढचं कुणाला माहीत. सरकारच्याच श्रमबल पाहण्या बघितल्या तर निरक्षरांपेक्षा पदवीधरांत बेकारीचं प्रमाण जास्त दिसतं. त्याचा अर्थ शिकल्यामुळं काम जातं असा नाही. न शिकलेल्याला बेकार बसणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो. शिकलेला थांबतो. त्या थांबण्याचा खर्चही बापानंच भरायचा असतो. हे सगळं मी बापूला सांगायच्या बेतात आहे, जरा ऐटीतच, तेवढ्यात वहिनी ताटली पुसता पुसता म्हणतात,

"पोराला भट्टी हाय. पोरीला काय हाय?"

बापू गप्प.

"न्हाय, सांगा की. दाद्या फेल झाला तर त्येला गाडीत बसवून धाडला. हिला धाडली असती का कुणी दुकानावर? आमच्या गावातनं एक तरी पोरगी गेली का भट्टीला? हिला गावाबाहेर पडायला दोनच गाड्या. एक ही. दुसरी वरातीची."

पिंकी भाकरीचा तुकडा मोडते आणि तसाच हातात धरून बसते.

"लग्नाला सा लाख ठेवलंच हुतं की तुमी," वहिनी सांगतात. "मला म्हाइत हाय कुठं ठेवल्यात ते."

माझ्या पोटातली श्रमबल पाहणी तिथंच राहते. पंचवीस-तीस वर्षं मी या विषयावरचे लेख तपासतोय. पदवी परवडते का, याचा हिशेब सगळे पगारावर आणून थांबवतात. एकाही लेखात मला हा मुद्दा भेटला नाही, की मुलाला घराबाहेर न्यायला दहा फुकट रस्ते आहेत आणि मुलीच्या रस्त्याला टोल आहे. टोल महाग आहे का, हे विचारायचा हक्क ज्याला दुसरा रस्ता आहे त्यालाच.

बापू तिकीट उलटं करतो आणि खिशात ठेवतो.

*

चौथं टेबल. हॉस्टेलच्या बाई कडक आहेत, पण आवाज मऊ. आज पैसे भरले तर आज खोली, ओरिएंटेशन सोमवारी. हप्ते नाहीत. ऐंशी हजार, आणि मेसचे दोन महिने आगाऊ, सात हजार. कॉलेजचे तेवीस साडेपाचशे सकाळी गेलेत. बापूनं डाळिंबाच्या व्यापाऱ्याची उचल आणि दुधाचं बिल मिळून बहात्तर हजार आणले होते. आता हातात साडेअठ्ठेचाळीस हजारही पूर्ण नाहीत.

"मी घालतो," मी म्हणतो.

"तू न्हाय," वहिनी म्हणतात. आजवर त्यांनी मला 'अहो भावजी'शिवाय हाक मारलेली नाही. त्या 'तू'नंतर मी पाकीट बाहेर काढत नाही.

गेटच्या समोर, लॅपटॉपच्या दुकानाला लागूनच, सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीची शाखा आहे. जागा निवडणाऱ्याला धंदा कळतो. आत काचेमागं टाय लावलेला मुलगा, त्याच्याकडं कसोटीचा काळा दगड, काटा, छोट्या बाटल्या. वहिनी उजव्या हातातली पाटली साबणाशिवाय काढायला बघतात. निघत नाही. पिंकी बाटलीतलं पाणी ओतते, पदरानं पुसते, फिरवून फिरवून काढते. मनगटावर फिकट वर्तुळ उरतं.

मला साताऱ्याच्या बोर्डिंगाची आठवण येते. रयतचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. आम्हाला कॉलेजात तो प्रसंग दरवर्षी सांगत. तो ऐकताना डोळे भरून यायचे. आत्ता येत नाहीत. आत्ता मी काट्यावरचे आकडे बघतोय. बारा ग्रॅम चाळीस.

मुलगा दगडावर पाटली घासतो, थेंब सोडतो. "हॉलमार्क नाही. वीस कॅरेट धरावं लागेल."

पिंकीनं तेवढ्यात भावाला व्हिडिओ कॉल लावलाय. पडद्यावर दाद्या, मागं भट्टीचा आवाज, कपाळ घामानं चमकतंय.

"दगड दाखव," तो म्हणतो. पिंकी दाखवते. "आता त्यांच्या नमुन्याची रेघ शेजारी ओढायला सांग. जवळ ने. अजून." मग थेट त्या मुलाला, हिंदीत, पण आमच्या हेलात, "भाईसाब, ये हमारे आजोबा के भट्टी का सोना है. टंच एक्क्याण्णव के नीचे आयाच तो मेरे को बोलो. फिरसे घासो, वरचा मळ निकालके."

टायवाला दुसऱ्यांदा घासतो. शेजारी नमुना ओढतो. वाकून बघतो, मग सरळ होतो. "बावीस धरतो," तो मराठीत म्हणतो.

तोळा लाखाच्या घरात गेलेल्या दिवसांत त्या दोन कॅरेटचा फरक हजारांत जातो. बाजारभावाचा पाऊण हिस्सा धरून तो ऐंशीच्या आसपास आकडा सांगतो. वहिनी म्हणतात, चाळीसच द्या, जास्त घेतलं की जास्त व्याज.

"दुसरीही ठेवा की ताई, जोडी आहे. लागलं तर पुन्हा हेलपाटा नको."

"ती दुसऱ्या वर्साला," वहिनी सांगतात.

पडद्यावर दाद्या अजून आहे. "पिंके," तो म्हणतो, "मॅथ्सला शिकवणी लाव. माझ्यावानी करू नगंस." मागून कुणीतरी तमिळमध्ये ओरडतं आणि फोन बंद होतो.

*

खोली दुसऱ्या मजल्यावर. तीन लोखंडी खाटा, तीन कपाटं, एक खिडकी. खिडकीतून टेकडीची कापलेली बाजू दिसते, लाल माती, पावसानं ओघळलेली. दोन मुली आधीच आल्यात. एक नंदुरबारची, एक इचलकरंजीची. नंदुरबारच्या मुलीचे वडील खाटेचा खिळा दगडानं ठोकतायत. बापू लगेच त्यांना हात लावतो. दोघा बापांना करण्यासारखं काहीतरी सापडलंय.

वहिनी वळकटी सोडतात. गोधडी अंथरतात, उशाखाली कांदा ठेवतात, का ते विचारू नये. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कपाटात, चटणीची बरणी खिडकीत. "साडेआठला गेट बंद," भिंतीवर लिहिलंय, आणि खाली पेनानं कुणीतरी 'मुलांचं साडेदहाला' असं लिहून ठेवलंय. ते खोडायचा प्रयत्नही झालेला दिसतो.

सहा वाजता पालकांनी बाहेर, अशी बाई येऊन सांगून जातात. पिंकी आईला सोडायला जिन्यापर्यंत येते. रडारड नाही. तिचा हात आईच्या रिकाम्या मनगटावर आहे, आणि ते फिकट वर्तुळ ती अंगठ्यानं घासतेय, डाग असावा तसं.

"बिल जपून ठेव," वहिनी सांगतात. "सगळी बिलं ठेव. अनामत परत घ्यायची हाय."

रात्री साडेनऊला स्वारगेट. विट्याच्या गाडीला गर्दी आहे. मी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरतो. पेटी नाही, वळकटी नाही, त्यामुळं बापूला हातांचं काय करावं कळत नाहीये. तो एकदा टपावर बघतो, एकदा सीटखाली. वहिनी डावा हात पदराबाहेर आणि उजवा पदराआड घेऊन बसल्यात.

"पोचलो की फोन करतो," बापू म्हणतो. मग खिडकीतून वाकून विचारतो, "ते मॅथ्स बॅक म्हंजे काय रं?"

मी सांगायला तोंड उघडतो तोवर गाडी हलते. कंडक्टर दारापासून तिकिटं फाडत येतोय. बापू आतल्या खिशातून पाकीट काढतो, पैसे मोजतो, पुन्हा मोजतो, आणि मला त्याचा आवाज इंजिनावरून ऐकू येतो.

"विटा. एक फुल्ल, एक हाफ."